गुगल उघडलं की दुसरंच येतंय!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि मराठीत शेवटचा निबंध मी दहावीच्या बोर्डाला लिहिला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर सांभाळून घ्या. दुसरी कबुली जास्त मोठी आहे, ती लेखाच्या मध्यावर येईल.

कराडला आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म. जून-जुलैमध्ये ॲडमिशनचा सीझन असतो तेव्हा पप्पांना जेवायलाही वेळ नसतो. मे महिन्यात एकदा त्यांचा फोन आला, "अगं, गुगल उघडलं की दुसरंच काहीतरी येतंय. बघ की जरा." मी तेव्हा सबमिशनच्या टेन्शनमध्ये होते. आपण इंजिनिअर लोक सगळ्यांना जो सल्ला देतो तोच मीही दिला, "रीस्टार्ट करून बघा." वर आणखी ऐकवलं, "तुम्हीच कशावर तरी क्लिक केलं असणार, पप्पा."

जूनमध्ये एक मुलगी आणि तिचे वडील नर्सिंगच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायला दुकानात आले. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. पप्पांनी नेहमीप्रमाणे नाव टाईप करून सर्च केलं आणि पहिली लिंक उघडली. पेज अगदी खरं वाटत होतं. सगळी माहिती भरून झाल्यावर 'फॉर्म प्रोसेसिंग फी ४९९ रुपये' असं आलं. तिच्या वडिलांनी फोनवरून क्यूआर कोड स्कॅन केला, पैसे गेले. पण ॲप्लिकेशन नंबरचा मेसेज काही येईना. अर्धा तास वाट बघितल्यावर त्या मुलीनेच पिशवीतली माहितीपुस्तिका काढली आणि म्हणाली, "काका, यात दिलेला पत्ता वेगळाय."

तो फॉर्म खोटा होता. रात्री नऊ वाजता पप्पांनी पुस्तिकेतला पत्ता एकेक अक्षर टाईप करून खरा फॉर्म भरला आणि ४९९ रुपये स्वतःच्या गल्ल्यातून परत दिले. मग मला फोन केला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना?"

शनिवारी पहिल्या एसटीने मी घरी गेले. त्या दोन दिवसांत जे केलं, जे चुकलं आणि जे शिकले, ते या लेखात लिहिते आहे. मी ईअँडटीसीची आहे, कॉम्प्युटरची नाही. त्यामुळे हे सगळं एका सामान्य माणसाने सामान्य माणसाला सांगितलं आहे असं समजा.

हायजॅकर म्हणजे नक्की काय?

व्हायरस म्हटलं की आपल्याला वाटतं फाइल्स उडणार, मशीन बंद पडणार. ब्राउझर हायजॅकर तसं काहीच करत नाही. तो फक्त ब्राउझरच्या सेटिंग्ज बदलतो. होमपेज त्याचं, नवीन टॅब उघडला की पान त्याचं, आणि मुख्य म्हणजे सर्च इंजिन त्याचं. मशीन चालू राहायलाच हवं, कारण त्याचं पोट त्यावरच आहे.

ते कसं? आपण सर्च करतो तेव्हा वरती जाहिराती येतात. त्यावर क्लिक झालं की जाहिरातदार पैसे देतो आणि ज्याने तो सर्च पाठवला त्याला त्यातला वाटा मिळतो. हायजॅकर आपला सर्च आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेतो आणि तिथून एखाद्या सर्च इंजिनकडे पाठवतो. मधल्या मधे तो दलाल बनतो. एका क्लिकचे काही पैसेच मिळत असतील, पण लाखो मशीन असली की धंदा होतो. आता या दलालाला चांगल्या आणि वाईट जाहिरातीत फरक करायची गरजच नसते. त्यामुळे खोट्या फॉर्मची साईटसुद्धा पैसे भरून पहिल्या नंबरवर येऊन बसते. आमच्या दुकानात नेमकं हेच झालं. हायजॅकरने ४९९ रुपये चोरले नाहीत, चोराच्या दारापर्यंत नेऊन सोडलं.

थोडा इतिहास

हा प्रकार नवीन नाही. २००३ मध्ये 'कूलवेबसर्च' नावाच्या हायजॅकरने इंटरनेट एक्सप्लोररवाल्यांना हैराण केलं होतं. त्यावर उपाय काढला नेदरलँड्समधल्या मेरिन बेल्लेकोम या विद्यार्थ्याने. त्याने 'सीडब्ल्यूश्रेडर' आणि 'हायजॅकधिस' अशी दोन छोटी टूल्स लिहून फुकट वाटली. हायजॅकधिसची गंमत अशी की ते चांगलं-वाईट काहीच ठरवायचं नाही. ब्राउझर आणि विंडोजमधल्या ज्या ज्या जागा हायजॅकर वापरतात, त्यांची फक्त यादी द्यायचं. निदान माणसाने करायचं. २००७ मध्ये ते टूल ट्रेंड मायक्रो कंपनीने घेतलं.

मग टूलबारचा जमाना आला. कुठलंही फुकट सॉफ्टवेअर टाका, बरोबर एक टूलबार मोफत! साधा जावा टाकतानाही आस्क टूलबारच्या चौकोनात आधीच टिक केलेली असायची. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश केलं की झालं काम.

२०१५ च्या फेब्रुवारीत यापेक्षा भयंकर गोष्ट उघड झाली. लेनोवोच्या काही नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीनेच 'सुपरफिश' नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने मशीनमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवलं होतं, म्हणजे बँकेच्या साईटचं कुलूपसुद्धा ते मधल्या मधे उघडू शकत होतं. आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच! ती किल्ली एका संशोधकाने लगेचच शोधून काढली.

२०१७ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने 'फायरबॉल' नावाच्या हायजॅकरचा अहवाल दिला. त्यांच्या अंदाजाने जगात २५ कोटी मशीनवर तो होता आणि त्यातली अडीच कोटी भारतातली, म्हणजे सगळ्या देशांत आपला पहिला नंबर. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला आहे असं म्हटलं. पण फुकट सॉफ्टवेअर कुठूनही उचलायची आपली सवय बघता नंबराबद्दल मला फार शंका वाटत नाही.

शेवटचं उदाहरण 'द ग्रेट सस्पेंडर' या क्रोम एक्स्टेन्शनचं. खूप चांगलं एक्स्टेन्शन, वीस लाखांवर लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याला दिलं. नव्या मालकाने त्यात संशयास्पद कोड घातला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गुगलला ते मालवेअर म्हणून बंद करावं लागलं. म्हणजे आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्याही चांगलंच असेल असं नाही. घरमालक बदलला तरी पाटी तीच राहते.

आधी संशय, मग निदान

मी घरी गेल्या गेल्या सरळ फॉरमॅट मारायला निघाले होते. पण त्या मशीनवर लोकांचे फॉर्म, फोटो, स्कॅन सगळं होतं. म्हणून आधी निदान करायचं ठरवलं. कारण जे जे विचित्र दिसतं ते सगळं हायजॅकर नसतं. मी चार साध्या टेस्ट केल्या.

१. त्याच मशीनवर दुसरा ब्राउझर उघडला. आमच्याकडे क्रोममध्ये गडबड होती, एजमध्ये नव्हती. म्हणजे रोग क्रोमपुरता होता. दोन्हीकडे असती तर विंडोजच्या सेटिंग्ज बघाव्या लागल्या असत्या.

२. त्याच वायफायवर फोन जोडून तोच सर्च केला. फोनवर सगळं नीट होतं. फोनवरही तसंच झालं असतं तर संशय राऊटरवर. हे खरंच होतं बरं का. 'डीएनएसचेंजर' नावाच्या मालवेअरने सुमारे चाळीस लाख मशीनचं डीएनएस बदललं होतं, म्हणजे नाव बरोबर टाईप केलं तरी पत्ता चुकीचा मिळायचा. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयने ती टोळी पकडली.

३. क्रोममध्ये गेस्ट विंडो उघडली. गेस्टमध्ये एक्स्टेन्शन नसतात. तिथे सर्च नीट झाला, म्हणजे चोर एक्स्टेन्शनमध्ये किंवा प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये.

४. कोपऱ्यात 'तुमच्या मशीनमध्ये ५ व्हायरस' असे डबे येत होते. ते मात्र हायजॅकरचे नव्हते. एका साईटने 'मी रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' असं सांगितलं आणि कुणीतरी अलाऊ दाबलं. ते नोटिफिकेशन होतं. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साईट काढली की दोन मिनिटांत बंद. 'ब्राउझर हायजॅक झाला' अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा एवढंच असतं, म्हणून हे आधी बघा.

आणि एक महत्त्वाचं. ज्या मशीनवर संशय आहे त्याच मशीनवर उपाय शोधू नका! सर्चच त्याच्या ताब्यात आहे, तो तुम्हाला आपल्याच भावाच्या दुकानात नेणार. उपाय फोनवर शोधा. आणि मशीन साफ होईपर्यंत त्यावर पासवर्ड किंवा पेमेंट अजिबात नाही. आम्ही दुकानात तशी पाटीच लावली, 'आज ऑनलाइन फॉर्म बंद'. जूनमध्ये अशी पाटी लावताना पप्पांचा चेहरा काय झाला असेल ते सांगायला नको.

आता ती दुसरी कबुली

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी असते. ती नावाप्रमाणे न बघता इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावायची. हायजॅकरचं नाव सांगून कळत नाही, ते 'सर्च असिस्ट', 'पीडीएफ अमुक' असं सभ्य असतं. पण तारीख खोटं बोलत नाही.

यादीत एक पीडीएफची साईज कमी करायचं फुकट सॉफ्टवेअर होतं, आणि त्याच दिवशी, त्याच मिनिटाला आलेलं आणखी एक अनोळखी नाव. तारीख बघितली आणि मी गप्प झाले. गुढीपाडव्याचा दुसरा दिवस. मी दोन दिवस घरी आले होते आणि दुपारी पप्पा जेवायला गेल्यावर दुकानात मीच बसले होते. कुणाचा तरी दाखला फॉर्मवर चढत नव्हता, साईज जास्त होती. मी सर्च केलं, पहिलं दिसलं ते डाउनलोड केलं आणि नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश. मधे 'हे एक्स्टेन्शन ॲड करा' असं आलं, तेही ॲड केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. पप्पांना आधी वाटलं की गुगलनेच डिझाईन बदललं असेल, म्हणून त्यांनी मे महिन्यापर्यंत काही विचारलं नाही.

म्हणजे ज्याच्यासाठी मी पप्पांना ऐकवलं, ते क्लिक माझं होतं.

यातून एक टेक्निकल गोष्टही कळते. हायजॅकर बहुतेक वेळा ब्राउझर फोडून आत येत नाही. विंडोज जेव्हा विचारतं, 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?', तेव्हा आपण येस म्हणतो. होस्टेलच्या भिंतीवरून उडी मारून आलेला चोर वेगळा, आणि वॉचमनच्या रजिस्टरमध्ये आपणच सही करून आत घेतलेला 'पाहुणा' वेगळा. दुसऱ्याला वॉचमन कशाला अडवेल?

साफसफाई, पायरी पायरीने

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूळ उपटायचं, मग पानं.

पहिली पायरी: अनइन्स्टॉल. तारखेच्या यादीतले दोन्ही प्रोग्राम काढले. काढतानासुद्धा शांतपणे वाचा. 'नको, राहू दे' हे बटण मोठं आणि निळं असतं, 'काढा' हे कोपऱ्यात बारीक.

दुसरी पायरी: एक्स्टेन्शन. ओळखीचं नाही ते काढायचं. आमच्याकडे एका एक्स्टेन्शनला रिमूव्हचं बटणच नव्हतं, आणि क्रोमच्या मेनूत खाली लिहिलं होतं, 'तुमची संस्था हा ब्राउझर मॅनेज करते'. पप्पा म्हणाले, "आपली कुठली संस्था?" खरंच आहे! ही सोय कंपन्या आणि कॉलेजसाठी आहे. ॲडमिन रजिस्ट्रीमध्ये पॉलिसी लिहून ठेवतो आणि क्रोम ती मुकाट्याने पाळतो. हायजॅकरला आपण ॲडमिनचे अधिकार दिले की तोही तिथे लिहू शकतो. ॲड्रेस बारमध्ये 'क्रोम', मग कोलन आणि दोन स्लॅश, मग 'पॉलिसी' असं इंग्रजीत टाईप केलं की कुठल्या पॉलिसी लागू आहेत ते दिसतं. तिथे एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवणारी ओळ सापडली. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम या मार्गाने जाऊन, आधी बॅकअप एक्स्पोर्ट करून, ती ओळ काढली. मात्र दोन सूचना. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लिहितात, म्हणून दिसली की उडव असं करू नका. आणि कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर हे अजिबात करू नका. तिथे खरोखरच 'संस्था' आहे!

तिसरी पायरी: क्रोममध्ये रीसेट सेटिंग्ज. याने सर्च इंजिन, सुरुवातीचं पान वगैरे मूळपदावर येतं, एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज जातात. बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

इथे मी हात झटकले आणि पप्पांना म्हटलं, "झालं!" रविवारी सकाळी मशीन चालू केलं तर तोच पाहुणा परत हजर, आणि ती 'संस्था' पण.

चौथी पायरी, जी मी विसरले होते: तो परत कुठून येतो ते शोधणं. विंडोजमध्ये टास्क शेड्युलर असतो, ठरलेल्या वेळी प्रोग्राम चालवणारा. त्यात एक टास्क होतं, लॉगिन झालं की चालणारं, आणि ते रजिस्ट्रीतली ती ओळ पुन्हा लिहीत होतं. प्रोग्राम काढला तरी त्याने मागे ठेवलेला माणूस कामावर होताच. ते टास्क काढलं, ज्या फाइलकडे ते बोट दाखवत होतं ती फाइल उडवली आणि दुसरी पायरी परत केली. याबरोबर आणखी चार जागा बघून घ्याव्यात:

— टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी.
— डेस्कटॉपवरचा ब्राउझरचा शॉर्टकट. प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या शेवटी एखादा वेब पत्ता चिकटवलेला असेल तर तो काढायचा.
— विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमधला प्रॉक्सी. आपण लावला नसेल तर बंद हवा. कॉलेजच्या नेटवर्कवर मात्र तो कॉलेजने दिलेला असू शकतो.
— सिस्टिम ३२ च्या आत ड्रायव्हर्स आणि त्यात ईटीसी या फोल्डरमधली होस्ट्स नावाची फाइल. नेहमीच्या विंडोजमध्ये तिच्यातल्या सगळ्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात. बँकेचं किंवा गुगलचं नाव असलेली वेगळी ओळ दिसली तर धोका.

पाचवी पायरी: स्कॅन. विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतो. त्याचा ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, त्यामुळे लपलेल्यांना पळायला वेळ मिळत नाही. शिवाय मालवेअरबाइट्सचं 'ॲडवक्लीनर' हे फुकट टूल नेमकं याच कामासाठी आहे, पण ते कंपनीच्या साईटवरूनच घ्या. आपल्या सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ मध्ये सुरू झालं, त्यांच्या साईटवरही फुकट सफाईची टूल्स मिळतात. गुगलचं जुनं क्रोम क्लीनअप टूल मात्र २०२३ मध्ये बंद झालं, कुणी अजून त्याचं नाव सांगत असेल तर सोडून द्या.

सहावी पायरी: सिंक. दुकानातल्या क्रोममध्ये मी माझ्या अकाउंटने लॉगिन करून ठेवलं होतं. पाडव्याच्या दिवशी ॲड केलेलं एक्स्टेन्शन सिंकमुळे माझ्या होस्टेलच्या लॅपटॉपवरही येऊन बसलं होतं! लॅपटॉपवर मी रोज फायरफॉक्स वापरते, क्रोम क्वचित उघडते, म्हणून कळलं नाही. आजार घरातल्या एकाला झाला की सगळ्यांना तपासायचं, तसंच हे.

सातवी पायरी: पासवर्ड. एक्स्टेन्शनला 'सगळ्या साईटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी असेल तर पानावर टाईप केलेलं सगळं ते बघू शकतं. म्हणून स्वच्छ मशीनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले आणि टू-स्टेप लावलं.

एवढं करूनही परत आलं असतं तर डेटा काढून विंडोज नव्याने टाकणं हाच मार्ग होता. त्यात कमीपणा काही नाही.

मग सुरक्षित ब्राउझर कोणता?

घरी पहिला प्रश्न हाच आला, "मग क्रोम काढून दुसरं काही टाकूया का?" माझं उत्तर: टाका, पण त्याने हा प्रश्न सुटणार नाही. सही करून आत घेतलेला पाहुणा कुठल्याही खोलीत शिरतो. तरी ब्राउझर निवडताना चार गोष्टी बघाव्यात.

एक, अपडेट. हीच सगळ्यात मोठी कसोटी आहे. मोठ्या ब्राउझरमध्ये सारखी भोकं सापडतात आणि ती बुजवली जातात. ज्याला अपडेट येत नाही तो ब्राउझर कितीही हलका असला तरी नको. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केलं. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या सुरुवातीची. तुमच्या गावाकडच्या मशीनवर तीच असेल तर ती थांबलेली गाडी आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. खालची जमीन जुनी असेल तर वरचा ब्राउझर नवा असून फायदा नाही.

दोन, सँडबॉक्स. वेबसाईटचा कोड ब्राउझरच्या एका बंद खोलीत चालतो, तिथून त्याला थेट आपल्या फाइल्सपर्यंत जाता येत नाही. क्रोम २००८ मध्ये आला तेव्हापासून हे त्याचं वैशिष्ट्य आहे. २०१८ पासून क्रोम प्रत्येक साईटला वेगळी खोली देतो, फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये तसं केलं.

तीन, एक्स्टेन्शनवर वचक. विंडोजवरचा क्रोम २०१४ पासून स्वतःच्या स्टोअरबाहेरची एक्स्टेन्शन सहसा घेत नाही. फायरफॉक्स २०१६ पासून मोझिलाची सही नसलेली घेत नाही. पण ग्रेट सस्पेंडर स्टोअरमध्येच होता, हे विसरू नका.

चार, मालक कोण आणि तो कमावतो कशावर. एकही रुपया न घेता कुणी ब्राउझर देत असेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

या कसोट्यांवर माझं मत असं. क्रोम सुरक्षेच्या बाबतीत भक्कम आहे, पण मालक जाहिरातीवर जगतो. एक्स्टेन्शनची जुनी पद्धत बंद केल्यामुळे 'यूब्लॉक ओरिजिन' हा प्रसिद्ध ॲडब्लॉकर आता त्यात पूर्ण रूपात चालत नाही, त्याची लाईट आवृत्ती चालते. एज २०२० पासून क्रोमच्याच क्रोमियम या पायावर आहे आणि विंडोजबरोबर येतो. त्यातला नको असलेली ॲप्स अडवणारा पर्याय मात्र चालू आहे का ते बघा. फायरफॉक्सचं इंजिन स्वतःचं आहे, मागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे, आणि यूब्लॉक ओरिजिन त्यात पूर्ण चालतो. ब्रेव्हही क्रोमियमवरचा, जाहिरात अडवणं आतच आहे, क्रिप्टोच्या गोष्टी नको असतील तर बंद करता येतात. ॲपलवाल्यांना सफारी आहेच.

ॲडब्लॉकरवर मी एवढा जोर का देते? कारण खोटी साईट बहुतेक जाहिरातीच्या रूपातच वर येते. जाहिरातच दिसली नसती तर त्या दिवशी पहिल्या नंबरवर कदाचित खरी साईट असती.

आणि नावही न ऐकलेला, 'अतिसुरक्षित', 'दसपट फास्ट' असा ब्राउझर? तो दुरूनच नमस्कार करण्याच्या लायकीचा. अनेकदा तोच हायजॅकर असतो, फक्त सूट घातलेला.

दुकानात आता काय बदललं

पप्पांच्या मशीनवर आता रोजच्या कामासाठी साधं युजर अकाउंट आहे. ॲडमिनचा पासवर्ड एका वहीत, ती वही गल्ल्यात. काही इन्स्टॉल करायचं तर वही काढावी लागते, आणि तेवढ्या वेळात माणूस विचार करतो. फायरफॉक्स आणि त्यात एकच एक्स्टेन्शन. ॲडमिशनच्या सगळ्या साईट्स माहितीपुस्तिकेवरून टाईप करून बुकमार्क केल्या आहेत, कारण शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का एवढं बघूनही पुरत नाही. राज्याच्या सीईटी कक्षाच्या साईटचाच शेवट 'डॉट ओआरजी' आहे. फॉर्मसाठी सर्च करायचाच नाही, हा नियम. फोटोची साईज कमी करायला विंडोजमधलं पेंट पुरतं, हे मला पाडव्याला आठवलं असतं तर हा लेखच झाला नसता.

४९९ रुपयांची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर केली. तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "कधी गेले पैसे?" आम्ही तीन दिवसांनी फोन करत होतो. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. ते पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर आधी १९३०, मग बाकीचं रडणं.

ती मुलगी जुलैमध्ये पुन्हा दुकानात आली होती, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला. तिचा नंबर लागला होता. मी नेमकी तेव्हा इथे सबमिशन करत होते. पप्पांनी फोनवर सांगितलं आणि म्हणाले, "तिला मी सांगितलं, मशीन माझ्या मुलीने नीट केलं." बिघडवलं कुणी, हे त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मी इथे लिहिलं.

आपण सगळे घरचे 'कॉम्प्युटरवाले' आहोत. सुट्टीत घरी गेलात की एकदा आई-बाबांच्या मशीनवर ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावून बघा. आणि 'तुम्हीच कशावर तरी क्लिक केलं असणार' हे वाक्य बोलायच्या आधी त्या तारखेला आपण कुठे होतो, ते आठवा.